दाजिबाच्या आरशातले मासे

एका बाजाराच्या गावात दोन सलून होती, अगदी समोरासमोर, मध्ये फक्त रस्ता. अलीकडचं दाजिबाचं, पलीकडचं केरबाचं. दोघं एकाच वस्तादाच्या हाताखाली वस्तरा धरायला शिकले होते. आता केस कापणाऱ्याची एक गंमत असते बघा. त्याला साऱ्या गावाचे केस कापता येतात, पण स्वतःचे काही कापता येत नाहीत. म्हणून सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, केरबा दाजिबाचे केस कापायचा आणि दाजिबा केरबाचे. वीस वर्षं हा नेम चालला होता.

मग एके दिवशी केरबाने दुकानात मासे आणले. काचेची एक पेटी, आत आठ केशरी मासे. पेटी ठेवायला गावातल्या म्हाताऱ्या सुताराने स्टँड करून दिला. चार जाड पाय, मध्ये आडव्या पट्ट्या, ना रंग ना नक्षी. घरातली पाण्याची घडवंची उचलून आणलीय असंच वाटावं. वर सुतार म्हणाला, "पाणी भरायच्या आधी तुम्ही सहाजण बसा याच्यावर, अन् चहा प्या. पाणी माणसांपेक्षा जड असतं." केरबा आणि पाच गिऱ्हाइकं खरंच दाटीवाटीने त्यावर बसली, चहा प्यायली. स्टँडने हूं की चूं केलं नाही.

दाजिबाने हे समोरून पाहिलं आणि पोट धरून हसला. पण त्याचं हसू दोन दिवसही टिकलं नाही.

त्याचं असं झालं, की दाजिबाच्या खुर्चीत बसलं की तोंड आरशाकडे. आरशात मागचा रस्ता दिसायचा, रस्त्यापलीकडे केरबाचं दार, आणि दारातच ते मासे! दाजिबा गालाला साबण लावतोय आणि गिऱ्हाईक म्हणतंय, "वा! तो लांब शेपटीवाला बघ कसा वळला!" खुर्ची दाजिबाची, आरसा दाजिबाचा, साबण दाजिबाचा, आणि कौतुक कुणाचं? केरबाच्या माशांचं! दाजिबाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

जेवायला बसला तरी त्याच्या डोळ्यांपुढे तेच. बायको म्हणाली, "अहो, भाजी कशी झालीय?"

"केरबाला विचार," दाजिबा खेकसला. "सगळं गाव त्यालाच विचारतंय."

"मग तुम्हीही आणा की दोन मासे. हाय काय अन् नाय काय!"

"दोन?" दाजिबाने ताट बाजूला सारलं. "दुप्पट आणीन. तिप्पट!"

दुसऱ्याच दिवशी तो सुताराकडे गेला. "सुतारकाका, मला स्टँड पाहिजे. केरबाच्या स्टँडपेक्षा वीतभर उंच."

"पेटी केवढी? पाणी किती घागरी?"

"पाण्याचं सोडा हो. उंची सांगितली ना? पाय बारीक हवेत, नाजूक. वर पोपट कोरा. आणि मधल्या त्या पट्ट्या नकोत, घडवंची वाटते."

सुताराने रंधा खाली ठेवला. "बारीक पायांवर एवढं पाणी राहायचं नाही, बाबा. आणि तुझ्या दुकानातली जमीन कशी आहे? केरबाकडे उतार होता, म्हणून मी दोन पायांखाली पाचर ठोकली. मी सांगतो तसा करू, मग तूही सहाजणांना घेऊन बस त्याच्यावर."

"केरबा बसला म्हणून मी बसू?" असं म्हणून दाजिबा तरातरा निघाला तो थेट तालुक्याला. तिथे एका दुकानात त्याला मनासारखा स्टँड दिसला. पोपट होते, वेलबुट्टी होती, सोनेरी रंग होता. तो खरं तर फुलदाणी ठेवायचा होता, पण दाजिबाने दुकानदाराला कशाला ठेवायचं आहे ते सांगितलंच नाही. केरबाच्या दुप्पट पेटी घेतली, एकोणीस मासे घेतले आणि टेम्पोतून मिरवत आणले.

आता ठेवायचं कुठे? आत भिंतीशी छान जागा होती. पण तिथे ठेवलं तर केरबाच्या आरशात कसं दिसणार? दाजिबाला तर तेच हवं होतं. त्याने स्टँड अगदी दारात मांडला. आणि सलूनची जमीन दाराकडे उतरती असते, धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून. वीस वर्षं दाजिबाने ती स्वतः रोज धुतली होती, पण त्या दिवशी त्याचं लक्ष समोरच्या दुकानाकडे होतं.

पेटी भरली. लोक जमले. "अबब! केवढे मासे!" म्हणाले. दाजिबाला वाटलं, आता समोर केरबा जळून खाक होत असेल. त्याने वळून वळून पाहिलं, पण केरबा आपला मान खाली घालून कुणाची तरी दाढी करत होता. मग दाजिबाला अजूनच राग आला. मेल्याने बघावं तरी!

शाळेतले गुरुजी दाढीला आले होते. पेटीकडे बघून म्हणाले, "दाजिबा, पाणी एका बाजूला बोटभर चढलंय रे."

"तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, गुरुजी," दाजिबा म्हणाला. गुरुजी गेल्यावर मात्र त्याने गुपचूप वर्तमानपत्राची घडी एका पायाखाली सारली.

संध्याकाळी केरबा स्वतः रस्ता ओलांडून आला. "दाजिबा, पेटी लई देखणी आहे. पण स्टँड कललाय रे. पाणी उपस थोडं, सुताराला बोलावू आपण."

दाजिबा याचीच वाट बघत होता. "दुखलं ना पोटात? माझे मासे जास्त, माझा स्टँड उंच, म्हणून आलास होय? जा, आपली घडवंची सांभाळ!"

केरबा परत आपल्या दुकानात गेला. सोमवारी दाजिबा केस कापायला गेला नाही. पुढच्याही सोमवारी नाही. डोकं वाढत चाललं. शेवटी त्याने दोन आरसे धरून स्वतःच कात्री चालवली, आणि मागचे केस उंदराने कुरतडल्यासारखे झाले. गिऱ्हाइकं मिशीत हसायची. दाजिबाला वाटायचं, हेही केरबानेच शिकवलं असणार.

मग आला बाजाराचा दिवस. दुकान गच्च भरलं होतं. दाजिबा एकाची दाढी करता करता आरशात बघत होता, केरबाकडे किती माणसं बसलीत ते मोजत होता. तेवढ्यात कागदाची भिजलेली घडी सरकली. कट्ट असा आवाज झाला, एक बारीक पाय मधूनच मोडला आणि सोनेरी पोपटांसकट सगळं उंबऱ्याशी आदळलं. काचांचा चुरा झाला. नशीब, दारात कुणी नव्हतं. पण एकोणीस मासे कापलेल्या केसांत आणि साबणाच्या पाण्यात तडफडायला लागले.

दाजिबा वस्तरा हातात धरून नुसता उभा राहिला. त्याला रडू फुटलं.

आणि समोरून केरबा धावत आला. त्याच्या गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला साबण तसाच होता. केरबाच्या हातात पाण्याची बादली होती. "बघत काय बसलास? उचल!" तो ओरडला, आणि दोघं गुडघ्यावर बसून मासे गोळा करायला लागले. सतरा वाचले, दोन गेले. वाचलेले केरबाच्या पेटीत सोडले.

सोमवारी केरबाने रस्त्यापलीकडून हाक मारली, "ये रे, बस खुर्चीत. सहा आठवडे तुझं डोकं आरशात बघतोय, माझ्याच्याने बघवत नाही आता."

दाजिबा चोरासारखा येऊन बसला. समोर आरसा होता. आरशात रस्ता दिसत होता, आणि रस्त्यापलीकडे त्याचं स्वतःचं दुकान.

"केरबा," तो हळूच म्हणाला, "मी लई जळलो रे तुझ्यावर."

केरबाची कात्री थांबली. "मी वीस वर्षं जळतोय, त्याचं काय? तुझ्यासारखा दाढीचा हात मला कधी साधला नाही. माझ्याकडे ताटकळलेली माणसं या आरशात तुझा हात बघायची आणि उठून तुझ्याकडे जायची. म्हणून तर मासे आणले. म्हटलं, निदान बसून तरी राहतील."

दाजिबाची मान शरमेने खाली गेली.

"मान सरळ ठेव," केरबा म्हणाला, "नाहीतर कान कापेन."

पुढे दोघांनी मिळून मोठी पेटी आणली. सुताराने तिच्यासाठी जाड पायांचा, आडव्या पट्ट्यांचा नवा स्टँड केला, पाचर ठोकून सपाट बसवला, आणि त्यावर चहाचा कप घेऊन सगळ्यात आधी बसला तो दाजिबा. पेटी राहिली केरबाच्याच दारात. आता दाजिबाच्या आरशात बघून एखादं गिऱ्हाईक "वा!" म्हणालं, की दाजिबा वस्तरा न थांबवता सांगतो, "त्यातले सतरा आमचे."

तात्पर्य हवंच असेल तर हे घ्या: शेजाऱ्याची उंची मोजत बसलं, की आपल्या पायाखालचा उतार दिसत नाही, आणि ज्याच्यावर आपण जळतो, तोही बऱ्याचदा आपल्याचकडे बघत असतो.