टिटवीच्या खुणा

कुरणातल्या त्या राज्यात तोंडच्या शब्दाला किंमत नव्हती. नीटनेटकं लिहून वडावर लावलेलं पान असेल, तरच ते खरं. टिटवीच्या तोंडच्या शब्दाला तर मुळीच नाही. ती ओरडली की अपशकुन होतो, असं कुरणात सारेच मानत.

टिटवी राहायची वरच्या अंगाला, नदीकाठच्या गोट्यांत. नदीवर नजर ठेवणं हा तिचा स्वभावच होता. दिसेल ते ती पळसाच्या पानावर नखाने झरझर ओरखडून ठेवी. नटवायला वेळ नसे, म्हणून तिने आपल्यापुरत्या खुणा ठरवल्या होत्या. मथळ्याआधी उभ्याआडव्या रेघांची जाळी, प्रत्येक कामाआधी एक आडवी रेघ, आणि ठासून सांगायच्या शब्दाला दोन्ही बाजूंनी चांदण्या.

एका वर्षी कडा कोसळून नदी अडली. दरडीमागे पाणी तुंबू लागलं. ही माती फार काळ तग धरणार नाही, हे टिटवीने ओळखलं. कुरण सोडा, पिल्लांना आधी न्या, ओढ्याची वाट टाळा, टेकडी गाठा, असं तिने लिहिलं आणि पान वडावर टोचलं.

सशांनी चांदण्या पाहिल्या आणि हा रात्रीचा निरोप समजून ते खुशाल झोपले. मुंग्यांना जाळीत कुंपण दिसलं. त्या काड्या गोळा करू लागल्या. कुरणाचा कारभार चंद्री म्हशीकडे होता. तिने पान उलटसुलट करून पाहिलं, कुण्या कोंबडीने उकरलेलं दिसतंय म्हणाली आणि बाजूला सारलं.

आपण कुरणासारखं सुबक लिहावं म्हणून टिटवी अक्षरं गिरवत बसली. पहिली ओळ संपेपर्यंत पाणी हातभर चढलं होतं. ती नदी पाहणार की वेलबुट्टी काढणार? अखेर ती बाभळीवरच्या सुगरणीकडे गेली आणि मला तुमच्यासारखं लिहायला शिकवा म्हणाली.

सुगरणीने पान निरखलं. "लिहितेस तशीच लिही, बाई. कुठली खूण काय मागते, तेवढं मला एकदा सांग."

टिटवीने सांगितलं. सुगरणीने गवताचा साचा विणायला घेतला. जाळी आली की अक्षर मोठं, रेघ आली की नवी ओळ, चांदण्यांमधलं अक्षर जाड. आणि खुणा तेवढ्या गळून पडायच्या. साचा जांभळाच्या रसात बुडवून तिने पानावर दाबला. टिटवीने वाचलं. शब्द तिचेच होते, एकही इकडचा तिकडे झाला नव्हता. फक्त आता ते लांबून दिसत होते.

एवढ्यात टेकडीच्या पायवाटेवर दगड घसरल्याचं कळलं. टिटवीने आपल्या पानावर नवी ओळ ओरखडली, पूर्वेकडून चढा. सुगरणीने साच्यातल्या त्या ओळीच्या तेवढ्याच काड्या बदलल्या आणि ताज्या पानांचा ढीग लावला. पोपटांनी ती झाडोझाड पोचवली.

चंद्रीने या वेळी पान उभ्याउभ्याच वाचलं. मग तिने शेपटी उडवली आणि अख्खं कुरण चालू लागलं. पुढे पिल्लं, मागे थोरली, ससे मुंग्यांना पाठीवर घेऊन. शेवटचा खूर टेकडीवर टेकला आणि दरड फुटली. वडाच्या शेंड्यापर्यंत पाणी चढलं. वाहून गेलं ते गवत. जीव एकही नाही.

दुसऱ्या सकाळी नवं पान आलं. चिखल वाळेस्तोवर खाली उतरू नये, असं त्यात होतं. ज्यांना वाचता येत नव्हतं ते चंद्रीभोवती जमले. तिचा आवाज एरवी संथ, रवंथ केल्यासारखा. पण जाड अक्षर आलं की तो आपसूक चढे, धारदार होई, आणि टेकडीभर घुमे. वरून जाणारी टिटवी हवेतच थबकली. म्हशीच्या गळ्यातून टिटवी ओरडत होती, आणि खाली एकूण एक जीव मान उंचावून ऐकत होता.