बत्तिसावं नाव

“तुम्हीच सांगा, दिवा लागला, पडद्यावर अक्षरं आली, इंटरनेटही जोडलं गेलं... एखादा बोर्ड चालतो असं म्हणायला आणखी काय हवं?”

शार्दूल इनामदारने हे विचारलं तेव्हा काझीचाचा चष्मा पुसत होते. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला, काढला, पुन्हा पुसला.



मिरजेत सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांच्या आळीला लागून चाचांची खोली होती. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यापासून ते तिथं एकच काम करत. पत्त्यांच्या जोडाएवढे छोटे संगणक असतात, सगळं एकाच पट्टीवर बसवलेले. त्यांना नुसतं बोर्ड म्हणतात. बनवणारी कंपनी दोन-तीन वर्षांत त्यांना विसरून जाते. अशा विसरलेल्या बोर्डांवर चालेल अशी लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीची एक आवृत्ती चाचा आणि त्यांचे शिष्य सांभाळत. तिचं नाव टिटवी. कुणीही ती फुकट उतरवून घ्यावी, मेमरी कार्डावर भरावी आणि आपला जुना बोर्ड पुन्हा कामाला लावावा.

टिटवी कोणकोणत्या बोर्डांवर चालते, त्याची एक यादी होती. यादीत नाव चढवायचं तर चाचांचा एकच नियम होता. बोर्ड सात दिवस त्यांच्या फळीवर राहिला पाहिजे. त्याला पंखा जोडायचा आणि पंख्यासमोर पतंगाच्या कागदाची पट्टी चिकटवायची. पडदा काय म्हणतो ते नंतर. आधी कागद हलतो का, ते बघायचं.

फळीवर एकतीस बोर्ड होते. एकतीस कागद फडफडत होते.

यादीत मात्र बत्तीस नावं होती. बत्तिसावं शार्दूलने चढवलं होतं.

शार्दूल हुशार होता, आणि ते त्याला ठाऊक होतं. पुण्याची नोकरी करून तो दर शनिवारी मिरजेला यायचा. चाचांना बारीक अक्षर दिसेनासं झाल्यापासून टिटवीचं निम्मं काम तोच बघे. आज चाचा टिटवी त्याच्या हाती सोपवणार होते. सगळ्यांना तसं कळवायचं पत्रही त्याने लिहून आणलं होतं. चाचांनी फक्त हो म्हणायचं बाकी होतं.

पण सकाळच्या एसटीने एक पार्सल आलं.

पार्सल जत तालुक्यातून होतं, शेवंताबाई हिप्परकरांचं. शेवंताबाई पेटीत कोंबडीची अंडी उबवतात. पेटीतले दिवे आणि त्यांची ऊब सगळीकडे सारखी फिरवणारा पंखा एक बोर्ड सांभाळतो. त्यांनी यादीत बत्तिसावं आपल्या बोर्डाचं नाव पाहिलं आणि टिटवी भरली. एकवीस दिवसांनी पेटी उघडली, तर एकशे ऐंशी अंड्यांतून सतरा पिल्लं निघाली.

तोच बोर्ड आता चाचांच्या टेबलावर होता.

“लाव,” चाचा म्हणाले.

शार्दूलने बोर्ड पडद्याला आणि टेबलावरच्या एका पंख्याला जोडला. हिरवा दिवा लागला. पडद्यावर अक्षरं आली.

“बघा. पंखा चालू, चाळीस टक्के. मी म्हणतच होतो.”

चाचांनी पिवळ्या कागदाची एक पट्टी कापली आणि पंख्यासमोर चिकटवली.

कागद लटकत राहिला.

“पडदा काय म्हणतो?” चाचांनी विचारलं.

“चालू.”

“आणि कागद?”



शेजारच्या घरात कुणी तंबोऱ्याची जवारी लावत होतं, तार नीट गुंजावी म्हणून घोडी घासत होतं. जरा घासायचं, तार छेडायची, ऐकायचं. परत जरा घासायचं.

शार्दूल खाली वाकला. त्याने तारा तपासल्या, बोर्डाचा नकाशा काढला, फळीवरच्या सत्ताविसाव्या बोर्डाशी ताडून पाहिला. अर्धा तास गेला. मग त्याने टेबलावर थाप मारली.

“सापडलं! दोन्ही बोर्डांची चिप एकच आहे, चाचा. अगदी सख्खे भाऊ. म्हणून मी सत्ताविसाव्याची फाईल याला जशीच्या तशी दिली. पण यांनी पंख्याची तार दुसऱ्याच पिनेवर नेलीय! आपली टिटवी भलत्या पिनेला हुकूम सोडत होती. तिथं काही जोडलेलंच नाही.”

“सख्खे भाऊ वेगळे राहायला लागले की पत्ता बदलतो, बेटा.”

“एका ओळीचं काम आहे.”

त्याने ती ओळ बदलली. बोर्ड बंद करून चालू केला.

पिवळा कागद थरथरला आणि फडफडू लागला.

“झालं! एक ओळ, चाचा. फक्त एक ओळ चुकली होती. आता बत्तिसावं नाव राहू दे ना?”

चाचा कागदाकडे बघत राहिले.

“पंखा फिरत नाही, हे सगळ्यात आधी कुणाला कळलं?”

“आत्ता... आपल्याला.”

“आपल्याला?”

शार्दूलने पडद्यावरची धूळ बोटाने पुसली. पडद्यावर धूळ नव्हती.

“त्यांचा फोन आला होता,” तो म्हणाला. “टिटवी भरली त्याच दिवशी. म्हणाल्या, पेटीला कान लावला तर पंख्याचा आवाज येत नाही.”

“मग?”

“मी विचारलं, पडद्यावर काय दिसतंय. त्या म्हणाल्या, चालू.”

“मग?”

“मी सांगितलं... पडद्यावर चालू म्हणजे चालू. नव्या आवृत्तीत पंखा हळू फिरतो, आवाज कमीच येतो.”

“हे तुला कुठं कळलं?”

“कुठं नाही. तसं असतं म्हणून... सांगितलं.”

चाचा उठले. पार्सलच्या खोक्यात हात घालून त्यांनी एक फडकं काढलं आणि गाठ सोडली. आत एक अंडं होतं. त्यावर पेन्सिलीने ‘पा’ लिहिलेलं.

“चिठ्ठी वाच. मला दिसत नाही.”

शार्दूलने वाचली.

‘चाचांना नमस्कार. यंत्र पाठवत आहे. अंडी अकरा घरांची होती, प्रत्येकीची खूण घातली होती. वरच्या ओळीतली भाजली, खालची गार पडली. मधल्या ओळीतली निघाली, ती माझी होती, ती मी वाटून टाकली. सोबत पारूबाईचं एक अंडं पाठवत आहे. माझ्या हातून काय चुकलं, ते बघून तुम्हाला कळेल.’

शार्दूलने चिठ्ठीची घडी घातली. घडी नीट बसेना.

“एकोणीस-वीस दिवस झाले की पिल्लू आतून बोलतं,” चाचा म्हणाले. “बारीक, चिक् चिक्. ऐकलंयस कधी?”

“नाही.”

त्यांनी अंडं त्याच्या तळहातावर ठेवलं.

“कानाला लाव.”

शार्दूलने लावलं. शेजारची तारही तेवढ्यात थांबली होती.

“काय ऐकू येतं?”

“काही नाही.”

चाचा अगदी हळू म्हणाले, “नव्या आवृत्तीत आवाज कमीच येतो.”

शार्दूलचा हात कानापाशीच राहिला. अंडं खाली ठेवायचं त्याला सुचेना.



मग चाचांचा फोन वाजला. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

“हॅलो, चाचा व्हय? शेवंता बोलतीया. पोचलं का यंत्र?”

“पोचलं, बाई.”

“अंडं फुटलं न्हाई न्हवं?”

“नाही. नीट आलं.”

“कंडक्टरला लई बजावलं हुतं. म्हनलं, मांडीवर ठीव बाबा, तुझ्याच पोराला शाळंत न्हेतोस आसं समज. तो हसला. पर ठिवलं वाटतं मांडीवर.”

“ठेवलं असेल.”

“आनि ते भाऊ हैत का तितं? फोनवर बोलले हुते ते?”

चाचांनी शार्दूलकडे पाहिलं.

“आहे, ताई,” शार्दूल म्हणाला.

“भाऊ, घावलं का काय? माझंच चुकलं आसंल बघा. झाकन मी लई येळा उघडलं. तुमी सांगितलं हुतं पंखा चालू हाय म्हनून, तरी माझा जीव ऱ्हाईना. सारखी उघडून बघायची. त्यानंच वारं लागलं आसंल पिल्लास्नी.”

“ताई...”

“व्हय?”

“ताई, ते... बिघाड सापडलाय.”

“सापडला? बरं झालं बाई! मग पुन्हा अंडी ठीवू का? पारूबाई रोज इचारतीया. ती माझ्याशी धड बोलत न्हाई, पर अंडी जमवून ठिवल्यात तिनं. तुमी म्हनाल तसं.”

फळीवर कागद फडफडत होते.

“भाऊ? आवाज येतोय न्हवं?”

“येतोय.”

“मग ठीवू?”

“...कळवतो, ताई.”

“कळवा. मी वाट बघती.”

फोन बंद झाला.

शार्दूल खुर्चीवर बसला. अंडं अजून हातातच होतं. त्याने ते दोन्ही हातांत धरलं, गरम ठेवायचं असावं तसं.

“मी सांगायला हवं होतं,” तो म्हणाला. “आत्ता. चूक माझी होती म्हणून. तोंडाशी आलं होतं.”

“हो.”

“तुम्ही का नाही सांगितलंत?”

चाचांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय ते फार म्हातारे दिसत.

“डोळ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू मला दवाखान्यात यादी वाचून दाखवलीस. आठवतं?”

“आठवतं.”

“शेवटी बत्तीस म्हणालास. मी मनात फळी मोजली. एकतीस होते. कोपऱ्यातला धरूनही एकतीस.”

शार्दूलने वर पाहिलं.

“मग विचारलं का नाहीत?”

“तू खूश होतास. मला चहा ओतून दिलास. म्हणालास, चाचा, एका महिन्यात आपण चाळीस करू.” ते थांबले. “मला वाटलं, उद्या विचारू. मग डोळ्यावर पट्टी आली. पट्टी सुटली, तरी विचारलं नाही. पोरगा चांगला आहे, त्याला का दुखवा... त्या दिवशी अंडी पेटीत गेलीसुद्धा नव्हती, शार्दूल.”

ते भिंतीकडे बघत होते. भिंतीवर काही नव्हतं.

“एक शब्द विचारायचा होता,” ते म्हणाले. “बत्तिसावा कुठं आहे?... एवढंच.”

शेजारी पुन्हा तार वाजली. कुणीतरी ऐकलं असावं. पुन्हा घासण्याचा आवाज आला.

शार्दूलने खिशातून घडी केलेलं पत्र काढलं, टिटवी आपल्याकडे आल्याचं सगळ्यांना कळवणारं. क्षणभर ते हातात धरलं. मग टेबलावरच्या सोडलेल्या फडक्यापाशी ठेवलं.

“हे आज नको,” तो म्हणाला.

चाचांनी पत्र तिथंच राहू दिलं.

“नाव काढतो यादीतून.”

“काढ.”

“दुरुस्त केलेलं कार्ड एसटीने पाठवून देतो. बोर्डही. चालतोय आता. तुम्ही स्वतः बघितलंत, कागद हलला.”

“इथं हलला.”

“म्हणजे?”

चाचा उठले. टेबलावरच्या बोर्डापाशी गेले. फडफडणारी पिवळी पट्टी त्यांनी नखाने हलकेच सोडवली, फाटू न देता. शार्दूलच्या खिशात घातली.

“तिची पेटी तिथं आहे,” ते म्हणाले. “वरची ओळ, खालची ओळ, सगळं तिथंच आहे. सात दिवस तिथं राहा. रिकामी पेटी चालव. कागद तिच्या हाताने लाव.”

“सात दिवस? चाचा, माझी नोकरी...”

चाचांनी पट्टी असलेल्या त्याच्या खिशावर हलकेच थोपटलं.

“बरं,” शार्दूल म्हणाला. “जातो. पण जाऊन तिला काय सांगू? अंडी तर गेली. पारूबाई तिच्याशी बोलत नाही. ते मी कसं दुरुस्त करू? ती रोज मला विचारणार, भाऊ, चालतंय का? मी कशाकडे बघून उत्तर देऊ?”

चाचांनी त्याच्या हातातलं अंडं घेतलं. फडक्यात ठेवलं, गाठ मारली, आणि ती पुरचुंडी परत त्याच्याच हातात दिली.

“पडद्याकडे पाठ करून बस,” ते म्हणाले. “आणि तूच तिला विचार, चालतंय का.”

दुसऱ्या दिवशी सकाळी यादीत एकतीस नावं होती, आणि शार्दूल जतच्या पहिल्या गाडीत खिडकीपाशी पुरचुंडी मांडीवर घेऊन बसला होता.