सुजलेला खूर आणि गार सल्ला

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. जंगलातल्या पाणवठ्याच्या उतारावर एका दांडग्या गव्याच्या पुढच्या खुरात बोरीचा काटा मोडला. मुलांनो, काटा इवलासाच. पण त्याच्या टोकावरच्या चिखलातून जिवाणूंची टोळी आत शिरली. गव्याला याची खबर नव्हती. ती होती कातडीखाली पहाऱ्यावर असलेल्या एका पांढऱ्या पेशीला. या पेशींची रीत अशी, की पहारेकऱ्याने एकट्याने मर्दुमकी दाखवत बसायचे नाही. तावडीत सापडेल तो जिवाणू गिळायचा आणि लगेच रसायन सोडून बाकीच्यांना हाक द्यायची. तिने हाक दिली.

शेजारची रक्तवाहिनी वैतागली. “अगं बाई, सकाळी सकाळी कसली बोंब ही?”

“घरात चोर शिरलेत. तुझी भिंत सैल कर, आमची फौज येऊ दे.”

“म्हणजे खूर तापणार, सुजणार. गवा ओरडेल ना!”

“ओरडू दे. मेलेला ओरडत नाही.”

भिंत सैल झाली. फटीफटींतून पांढऱ्या पेशी आत घुसल्या आणि खूर लालभडक होऊन टम्म फुगला. गवा हबकला. चौथ्या दिवशी कळप पलीकडच्या कुरणाकडे निघणार होता आणि मागे राहिलेल्या लंगड्याचे वाघ काय करतो, हे त्याला ठाऊक होते. तेवढ्यात सल्लागार कोल्हा पुढे सरसावला. “महाराज, काट्याचं काय एवढं! हा दंगा तुमच्या आतल्यांनीच माजवलाय. झऱ्याच्या गार पाण्यात पाय बुडवून उभे राहा, आपोआप गप्प बसतील.” गवा दोन दिवस पाण्यात उभा राहिला. सूज उतरली. “बघा, कशी शांतता झाली!” कोल्हा म्हणाला आणि कळपाने माना डोलावल्या.

आत मात्र गारठलेली रक्तवाहिनी आक्रसली होती. नवी कुमक येत नव्हती, जिवाणू शंभराचे हजार झाले होते. पहारेकरी पेशी पुन्हा हाका देऊ लागली. “दार उघड!”

“वरून गार पाण्याचा हुकूम आहे गं.”

“हुकूम सुचवणाऱ्याच्या पायात काटा नाही!”

तिसऱ्या सकाळी गव्याने पाय हलवून पाहिला. दुखत नव्हता, पण पाय आपला आहे असेही वाटत नव्हते. तो घाबरला आणि कोल्हा “महाराज, महाराज” करत असतानाच पाण्याबाहेर आला. खूर पुन्हा पेटला. दिवसभर गवा कण्हला, पण झऱ्याकडे फिरकला नाही. चौथ्या दिवशी खूर फुटला, मोडक्या काट्यासकट पू वाहून गेला आणि गवा लंगडत का होईना, कळपाबरोबर निघाला. पू म्हणजे बहुतेक लढून मेलेल्या पांढऱ्या पेशीच. पहिली हाक देणारी त्यांतच होती.

तात्पर्य : हाक देणाऱ्याचे तोंड दाबून मिळते ती शांतता शत्रूच्या सोयीची असते. कोल्हा आजही सल्लागार आहे. त्या दोन दिवसांचा जाब त्याला अजून कुणी विचारलेला नाही.