चाळीस दिवस म्हणजे कधीपासून?

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध डॉक्टर रुग्णांना तपासत असत. सारा गाव त्यांना 'दादा' म्हणे. त्यांच्या हाताखाली ऋजुता नावाची नवी डॉक्टर अनुभव घ्यायला आली होती. मुलगी हुशार, हाताला गुण, अक्षर मोत्यासारखं. फक्त घाई फार. हुशारांना ती असतेच, काय करणार!

एका सकाळी आदगोंडा अण्णा आले. सत्तरीचे, ताठ कण्याचे. पण खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलेलं. थुंकीची तपासणी दोनदा निर्दोष आली होती, छातीचा फोटोही स्वच्छ होता. तरी घरच्यांच्या मनातली क्षयाची भीती जात नव्हती.

"नातू झालाय, ताई. तीन म्हैन्याचा," अण्णा ऋजुताला म्हणाले. "सून वाईट न्हाई. पर मला ढास लागली की पोराला उचलून आत न्हेती. लांबनंच बघतोय मी."

"गोळ्या-औषधं काही चालू आहेत?"

"न्हाई, कसलीच न्हाई."

"खोकला कधीपासून?"

"झालं की चाळीस दिस."

ऋजुताने केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं, 'सिन्स फॉर्टी डेज'. खाली मोठ्या शहरातल्या तपासण्यांची लांबलचक यादी लिहिली आणि कागद दादांपुढे ठेवला.

दादांनी लाल पेन्सिल उचलली आणि 'फॉर्टी डेज'वर काट मारली. ऋजुता ओशाळली. 'सिन्स' म्हणजे 'पासून'; त्याच्यापुढे सुरुवातीची वेळ येते, असा आकडा येत नाही, हे शाळेत शिकलेलं तिला आठवलं. तिने 'सिन्स' खोडून 'फॉर' केलं. आता व्याकरण अगदी चोख. दादांनी त्यावरही काट मारली!

"आता काय चुकलं, दादा?"

"अगं, मी 'फॉर' कुठे मागितलं? मला 'सिन्स'च हवंय. अण्णांना घेऊन बाहेरच्या बाकावर बस. खोकल्याचं नावसुद्धा काढू नकोस. तो नव्हता त्या दिवसांबद्दल विचार आणि 'सिन्स'पुढची जागा भरून आण."

बाहेर वीस माणसं खोळंबलेली आणि म्हातारबुवांना कोडी सुचताहेत! ऋजुता मनातून चडफडली, पण जाऊन बसली.

अण्णा मात्र खुलले. "बारशाला पाळणा मीच हलवला की! दिसभर बोलत हुतो. मग लेकीकडं चार दिस ऱ्हाऊन आलो, तवाबी झ्याक हुतो. मग देवळात तपासणीचं शिबिर झालं. प्रेशर निघालं. त्यांनी रोजची गोळी दिली, ती घेतोय..."

"गोळी? मघाशी तर नाही म्हणालात!"

"अवो, ती कुठली औषधाची? ती रोजची. सकाळच्या च्यावानी."

खिशातून त्यांनी गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. ते वाचताच ऋजुता ताडकन उठली. रक्तदाबाच्या अशा गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, हे तिने परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. स्वतःची तिला फार लाज वाटली.

दादांनी गोळी बदलून दिली. "बंद करायची नाही हं अण्णा, ही दुसरी घ्यायची. खोकला जायला काही आठवडे लागतील, धीर धरा."

अण्णा गेल्यावर ते ऋजुताकडे वळले. "बाळ, माणूस किती दिवस सोसतोय एवढंच आकडा सांगतो. आपण हळहळतो आणि पुढच्याला आत बोलावतो. 'सिन्स' लिहायचं, तर दुखणं नव्हतं त्या दिवसापर्यंत रुग्णाबरोबर मागे चालत जावं लागतं. दर वेळी तिथे कारण सापडेलच असं नाही. पण न जाताच तो शब्द लिहू नये."

महिन्याने अण्णा पुन्हा आले. सोबत सून होती आणि नातू अण्णांच्या मांडीवर गाढ झोपला होता.

"कधीपासून बरं वाटतंय, अण्णा?" ऋजुताने विचारलं आणि पेन हातात धरून निवांत बसली.

अण्णांनी क्षणभर सुनेकडे पाहिलं. "हिनं आपणहून पोर माझ्या मांडीवर ठेवलं, तवापासनं."

ऋजुताने 'सिन्स'पुढे ते तसंच लिहून घेतलं.