न चावलेला दाणा

डोंगर हेच होते, नदी हीच होती, माणसं तेवढी आपल्या कितीतरी आधीची होती, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. आणि आपण मोठे झालो असं ज्यांना वाटतं, त्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी.

नदीपलीकडे डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं. पावसाळा लागला की नदी फुगायची आणि गाव जगापासून तुटायचं. मग पाणी ओसरेपर्यंत खायचं काय? पेवातला जोंधळा. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली धान्याची कोठी. तोंड एवढंसं, पोट मात्र हत्तीचं. गावाची जमीन सगळी कातळाची, खणण्याजोगी जागा एकच, म्हणून साऱ्या गावाला मिळून पेवही एकच.

पेवाचा एक स्वभाव असतो. ओला दाणा आत गेला तर तो एकटा सडत नाही, सारी रास बरोबर घेऊन सडतो. म्हणून पेव भरण्याआधी दाणा दाढेखाली धरून बघायचा. वाळलेला दाणा कट्ट वाजतो. ओला मुकाट दबतो.

पूर्वी जो तो दाणा चावायचा आणि जो तो आपलंच खरं म्हणायचा. भांडता भांडता रास उघड्यावर भिजायची. शेवटी गावानं रीत घातली: दाणा एकानंच चावायचा. दुसऱ्या कुणी तो तोंडात घातला तर रास उष्टी झाली. एकाचा दात, एकाचा शब्द, त्यावर कुणी बोलायचं नाही.

हा मान राहीमायचा होता.

दातही तसेच होते तिचे! तरुणपणी ती अडकित्त्याशिवाय सुपारी फोडायची. खळ्यावर येऊन तिनं दाणा चावला की शेवटच्या माणसाला तो कट्ट ऐकू जायचा. मग ती पदर खोचून म्हणायची, "भरा!" आणि माणसं टोपल्या उचलायची.

मानाबरोबर गूळ यायचा. प्रत्येक घरातून एकेक खडा. राहीमाय तो गालात धरून बसायची आणि गालात धरूनच झोपायची. ना चूळ, ना काडी.

सून म्हणायची, "आत्याबाई, निजायच्या आधी तोंड तरी खळबळून घ्या."

"माझ्या दातांना काडी दाखवतेस होय? कडुनिंबाची काडी घासावी ती कुचक्या दातांच्या बायांनी. माझ्या दातावर गाव जगतंय, गाव!"

गाव दातावर जगत होतं आणि दात गुळावर मरत होते. आधी हिरड्यांतून रक्त आलं. मग गार पाणी झोंबायला लागलं. मग एक दिवस भाकरी खाता खाता दाढच हातात आली. राहीमायनं इकडंतिकडं बघितलं आणि ती दाढ चुलीमागच्या कोनाड्यात दडवली.

आता दात पडणं ही काय मोठी गोष्ट आहे? राजाचा पडतो, रंकाचा पडतो. पण राहीमायनं आपल्याच जिभेनं स्वतःला बांधून ठेवलं होतं. ते कसं, ते ऐका.

तिची धाकटी जाऊ होती बयाजा. गाईनं लाथ झाडली आणि बयाजाचे समोरचे दात गेले. ती रडत बसली नाही. नदीपारच्या बाजारात एक फणीवाला शिंगाच्या फण्या कोरायचा. त्याच्याकडून तिनं शिंगाचे दात कोरून घेतले, रुप्याच्या तारेनं शेजारच्या दातांना बांधून घेतले आणि हसत घरी आली.

राहीमायनं तिला पाणवठ्यावर गाठलं. साऱ्या बाया ऐकत होत्या.

"बायांनो, लांब व्हा गं! आमच्या जावेला शिंगं फुटलीत, आणि तीसुद्धा तोंडात!"

पाणवठा हसून हसून लोळला. त्या दिवसापासून बयाजाचं नाव पडलं शिंगाळी.

बयाजाही हसली. "हसा गं हसा. तुम्ही हसताय तोवर मी कणीस खाऊन घेते." संध्याकाळी ती मिठाच्या पाण्यानं चुळा भरायची, तारेभोवती हळूच काडी फिरवायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "आपले असोत की बसवलेले, दात रोज धुवावेच लागतात. पोर काय नि दात काय, तोंड धुतल्याशिवाय शहाणं दिसत नाही."

राहीमाय एका अंगानं चावते, हे सगळ्यांच्या आधी बयाजानंच ओळखलं. एकटीला गाठून ती म्हणाली, "अक्का, दाढ गेली वाटतं. जागा मोकळी ठेवू नकोस. फणीवाला सांगत होता, फणीचा एक दात तुटला की शेजारचे आपसूक ढिले होतात. जा की त्याच्याकडं. कुणाला कळायचं नाही."

"दाढ नाही गं, अक्कल गेली. तुझी!" राहीमाय म्हणाली. शिंगाळीला हसलेलं तोंड शिंगाचा दात कसा बसवून घेणार?

मग व्हायचं ते झालं. शेजारची दाढ रिकाम्या जागेत कलली. वरची खाली लोंबली. कललेल्या दातांत अन्न अडकायचं, अडकलेलं कुजायचं, कुजलेलं ठणकायचं. एकामागून एक दाढा कोनाड्यात जाऊन बसल्या. पुढचे दात तेवढे उभे राहिले, आतून पोखरलेल्या झाडाच्या सालीसारखे. राहीमाय हसली की गावाला वाटायचं, सगळं जिथल्या तिथं आहे.

एकीला मात्र ठाऊक होतं. गोजीला, तिच्या नातीला. मांडीवर बसणाऱ्या पोरीपासून तोंड किती लपवणार? गोजीचे दुधाचे दात पडत होते.

"आज्जे, तुझेपण दुधाचे पडले?"

"हो गं बाय. कुणाला सांगू नकोस."

"मग नवे कधी येणार?"

"तुझे आले की माझे."

गोजीला ते पटलं. तिनं आपला दात आणि आजीची एक दाढ दोन्ही मुठीत घेतली आणि रीतीप्रमाणे घराच्या छपरावर भिरकावली. "आता दोघींचे बरोबर येतील," ती म्हणाली. राहीमाय हसली, आणि मग कुणाला आतलं दिसू नये म्हणून तिला हसू आवरून धरावं लागलं.

पेव भरायचा दिवस आला. राहीमायनं दाणा जिभेखाली सरकवला आणि जीभ टाळूवर आपटली. कट्ट! हुबेहूब. "भरा!" ती म्हणाली. त्या साली ऊन कडक होतं, धान्य खडखडीत होतं, पेव निभावलं. पुढच्या सालीही निभावलं. पचलेल्या चोरीइतकं वाईट काही नाही, पोरांनो. ती माणसाला पुन्हा खळ्यावर आणते.

मग ते साल आलं. मळणी झाली आणि रास उघड्यावर असताना अवकाळी पाऊस कोसळला. मागून ऊन पडलं, वारा सुटला, धान्य पसरून वाळवलं. हाताला दाणा कोरडा लागत होता. मुठीतून सळसळत होता. पण हाताला वरचं कळतं, पोटातलं फक्त दाताला कळतं.

खळ्यावर गाव जमलं. बयाजा राशीजवळ वाकली, राहीमायच्या कानाशी आली.

"अक्का, दाणा वरून वाळलाय, आतून मला भरवसा वाटत नाही. नीट चाव हं."

राहीमायनं दाणा हिरडीखाली धरला, दाबला. कळ डोक्यात गेली, दाण्याचं मात्र काही कळलं नाही. तिच्या मनात आलं, म्हणावं, 'बये, माझ्या तोंडात दाढ उरली नाही, तू चाव.' एवढंच म्हणायचं होतं. पण समोर साऱ्या पाणवठ्याच्या बाया उभ्या होत्या.

तिनं जीभ टाळूवर आपटली. कट्ट!

"भरा!"

पेव भरलं. तोंडावर दगड बसला, शेणामातीनं लिंपला. पाऊस आला, नदी फुगली, गाव तुटलं. घरातल्या कणग्या रिकाम्या झाल्या तेव्हा गाव गाणी म्हणत पेवाशी गेलं.

दगड बाजूला सारला आणि आतून कढत, आंबट वाफ अंगावर आली. पुढची माणसं तोंड दाबून मागं पडली. वाफ निवल्यावर टोपली खाली सोडली. वर आले ते काळे, बुरशीनं जमलेले गोळे. दुसरी टोपली तशीच. तिसरी तशीच.

शेवटी गावचा म्होरक्या म्हणाला, "रीत कुणी मोडली? पेव उगाच कोपत नाही."

एकीनं तोंड उघडलं. "शिंगाळी राशीवर वाकली होती. मेल्या जनावराचं शिंग तोंडात घेऊन. मी बघितलं."

"मीपण बघितलं."

ज्यांनी बघितलं नव्हतं त्यांनीही बघितलं. म्होरक्या राहीमायकडे वळला. "माय, तू दाणा चावलास. वाजला होता ना?"

"वाजला होता," राहीमाय म्हणाली. "साऱ्यांनी ऐकलाय."

बयाजा तिच्यासमोर येऊन उभी राहिली. मग एवढंच म्हणाली, "अक्का, तोंड उघड."

राहीमायनं ओठ घट्ट मिटले.

बयाजाला गावाबाहेर काढलं. गायरानात गुराख्यांनी सोडलेली एक झोपडी होती, तिथं ती पावसात राहिली. तिच्याशी बोलेल त्यालाही बाहेर, असं ठरलं.

पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण न सांगता ठेवलेलंच सडतं, म्हणून सांगते. लोकांनी कंद खणले, पाला उकडला. मग काळा जोंधळा धुऊन, भाजून दळला. पोरांना भूक धरवत नाही, म्हणून पहिली भाकर पोरांना. आणि पहिली दुखणी पोरांनाच. गोजीचं पोट फुगलं, डोळे आत गेले. सून काढे करत होती, राहीमाय पायाशी बसून होती.

एका सकाळी गोजीनं तिला जवळ बोलावलं. ओठ सुकले होते, तरी हसली.

"आज्जे, बोट लाव. इथं."

राहीमायनं बोट लावलं. हिरडीतून नवा दात वर आला होता. जोंधळ्याच्या दाण्याएवढा, पांढरा, टणक.

"आला की नाही? आता तुझेपण येतील."

ऊन वर यायच्या आधी पोर गेली.

राहीमाय रडली नाही. ती उठली आणि तशीच पेवाशी गेली. तिच्या चेहऱ्याकडे बघून गाव मागोमाग आलं. तिनं दोन्ही हातांची बोटं गालात घातली आणि तोंड फाकवून सगळ्यांना दाखवलं. एकेकासमोर जाऊन दाखवलं. पुढच्या दातांमागं काळोख होता.

"बघा," ती म्हणाली. "दाणा वाजला नव्हता, जीभ वाजली होती. बयाचे दात शिंगाचे होते, पण खरे होते. खोटं तोंड माझं होतं."

कुणी तिला मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. ज्यांची पोरं आजारी होती ती माणसं वळून घरी गेली. त्या वळलेल्या पाठी ती जन्मभर विसरली नाही.

भिजत भिजत ती गायरानात पोचली. बयाजा दारात बसली होती.

"बये, गोजी गेली."

बयाजानं जावेला आत ओढून घेतलं, अंगावर कोरडं धडुतं टाकलं. मग बयाजा बोलली, आणि तेव्हा ती हसत नव्हती.

"उघडलंस का अक्का तोंड? आता उघडलंस."

नदी उतरली तशी राहीमाय फणीवाल्याकडे गेली. त्यानं तिचं तोंड बघितलं, बोटानं हिरडी चाचपली, पुढचे हलणारे दात चाचपले आणि हात धुतले.

"उशीर झाला, माय. तार बांधायला शेजारचा दात धड लागतो. तुझ्या तोंडात धड शेजारी राहिलाच नाही."

पुढच्या सुगीला गाव बयाजाकडे गेलं, खाली मान घालून. ती आली, पण एक अट घालून: दाणा चावणाऱ्यानं आधी तोंड उघडून साऱ्या गावाला दाखवायचं. तिनं दाखवलं. शिंगाचे दात, रुप्याची तार, मागं उभ्या स्वच्छ दाढा. मग तिनं दाणा चावला. कट्ट. आवाज फार मोठा नव्हता, पण खरा होता.

राहीमाय खळ्याच्या कडेला बसली होती. गूळ वाटायला आला, तिनं हात पुढं केला नाही. गावातली पोरं जवळून जायला लागली की ती हाक मारायची, "ये इकडं, तोंड उघड, काडी घासलीस का?" आणि एखाद्या पोराच्या हिरडीत नवा दात डोकावताना दिसला की ती मान फिरवायची आणि घराच्या छपराकडे बघत बसायची.

बोध असा: असलेले दात जपावेत आणि पडलेला बसवून घ्यावा, कारण लाजेनं झाकलेली पोकळी आधी शेजाऱ्याला पाडते आणि मग घरादाराला गिळते.