साळूच्या तळाची फट

होड्या आपसांत आणि माणसांशीही बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. एका बंदरात समशेर नावाचं लढाऊ गलबत आणि साळू नावाची लहानशी होडी शेजारी शेजारी उभी असत. गोदीतले रावबा सुतार दर वर्षी विचारत, "यंदाचं सागवान कुणाला?"

"मलाच!" समशेर म्हणे. "लढायचं मला आहे. साळू काय, मासळीच वाहणार!"

असं करत त्याला तिसरी डोलकाठी मिळाली, जाड फळ्या मिळाल्या, बारा नव्या तोफा मिळाल्या. साळूच्या तळाला पडलेली फट मात्र तशीच राहिली.

एके दिवशी शत्रूनं खाडीतल्या कोळीवाड्याला आग लावली. समशेरनं तोफा डागून त्याला पिटाळलं, पण खाडीच्या तोंडाशी येताच ते वाळूत रुतलं. तोफांच्या भारानं त्याचा तळ पूर्वीपेक्षा हातभर खोल गेला होता. आत काठावर बायका-मुलं आक्रोश करत होती.

साळू एकटी आत गेली. फटीतून पाणी भरत होतं, तरी तिनं तीन खेपा करून सगळ्यांना समशेरवर पोचवलं. शेवटी ती पाण्यानं काठोकाठ भरली, तेव्हा समशेरवरच्या माणसांनी तिला दोरानं समशेरला बांधून धरलं.

"समशेरनं वाचवलं!" लोक ओरडू लागले. समशेरला ते ऐकवेना.

"साळू," ते हळूच म्हणालं, "तुझी फट मला ठाऊक होती."

"होय," साळू म्हणाली. "तुला ठाऊक आहे, हे मलाही ठाऊक होतं."