भिंतीतलं काड

एक होती उंदरीण. तिचं नाव चिमी. चिमीचं पिल्लू एवढंसं. अजून डोळेसुद्धा उघडले नव्हते बिचाऱ्याचे.

दोघं राहायची मातीच्या भिंतीत.

एक दिवस भिंत हलली. धपाक! पडली.

बीळ उघडं पडलं. पिल्लू उघड्यावर आलं. कौलांवर बसला होता काळा बोका.

"अंधार पडू दे. मग येतो," बोका म्हणाला.

चिमी घाबरली. फार घाबरली. पळाली तुरु तुरु तुरु.

"थापीताई, थापीताई, भिंत थाप ना! बोका हलेना!"

"चिखल नाही, थापू काय? आधी घमेल्याला आणू दे."

तुरु तुरु तुरु.

"घमेलेदादा, घमेलेदादा, चिखल आण ना! थापी थापेना, बोका हलेना!"

"चिखल कालवलाय कुणी? आधी फावड्याला कालवू दे."

तुरु तुरु तुरु.

"फावडेमामा, फावडेमामा, चिखल कालव ना! घमेलं आणेना, थापी थापेना, बोका हलेना!"

"माती आहे, पाणी आहे. भाताचं काड कुठंय? काडाशिवाय भिंत पुन्हा पडेल. आधी विळ्याला कापू दे."

ऊन गेलं. बोका उठला.

तुरु तुरु तुरु.

"विळेआजोबा, विळेआजोबा, काड कापा ना! फावडं कालवेना, घमेलं आणेना, थापी थापेना, बोका हलेना!"

विळा करकरला.

"शेतातलं काड गुरांनी खाल्लं. आता आहे ते तुझ्या बिळात. भिंतीतून काडी काडी ओढलीस, पिल्लाला गादी केलीस. म्हणून तर भिंत पडली, बाळे. आण इकडे."

चिमीला रडू आलं. गादी काढली तर पिल्लू गारठेल. पण बोका?

चिमीने काड ओढलं. सर्र सर्र सर्र. पिल्लू गार मातीवर पडलं. चीं चीं रडलं.

विळ्याने कापलं, कच कच कच.
फावड्याने कालवलं, फचक फचक फचक.
घमेल्याने आणलं, डुगू डुगू डुगू.
थापीने थापलं, थप थप थप.
चिमीपुरतं भोक ठेवलं. चिमी सुळकन आत.

बोक्याने उडी मारली. धप्प! भिंतीवर आपटला. नाक चोळत गेला.

आत अंधार. आत गारवा. पिल्लू कुडकुडत होतं.

ओल्या भिंतीतून एक काडी डोकावली. चिमीने ती पाहिली. हळूच आत ढकलली.

मग ती स्वतःच गादी झाली.

काडी भिंतीत, पिल्लू कुशीत, गोष्ट तुमच्या मुठीत.